बंगाली मजूर बायकांना मजुरीच्या हक्काची माहिती त्यांच्या भाषेत कशी पोचवायची?

अंजली_हिंजवडी:
नमस्कार. हिंजवडीजवळच्या एका साइटवर मी मजुरांच्या मुलांचं पाळणाघर चालवते. सध्या वस्तीत बरीच कुटुंबं मालदा, मुर्शिदाबादकडची आहेत. पुरुषांना कामापुरती हिंदी येते, बायकांना फक्त बंगाली. आठवड्याची खर्ची मिळते, पण उरलेल्या पैशांचा हिशेब मुकादम सारखा पुढे ढकलतो. बायका मलाच विचारतात. मला ना कायदा येतो, ना बंगाली. मराठी पत्रकं आहेत, ती यांना काय कामाची? असं काम कुणी केलंय का?

सदाभाऊ:
अंजलीताई, मी बांधकाम मजुरांमध्ये काम करतो. आधी एक सांगतो, मुकादमाला दुभाष्या करू नका. दोन्ही भाषा त्याला येतात म्हणून सगळे त्याच्याकडे वळतात. पण पैसे ज्याच्याकडे अडकलेत तो तुमचं म्हणणं जसंच्या तसं का सांगेल?

बंगालीत पत्रक छापण्याच्याही मागे लागू नका, वाचता येणाऱ्या बायका थोड्याच असतील. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवा, दीड-दोन मिनिटांचा, एका वेळी एकच गोष्ट. पहिली गोष्ट हजेरीची. तारीख, किती तास काम, खर्ची किती मिळाली, हे रोज स्वतःच्या वहीत. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यायचं. साइटच्या फाटकावर कंपनीच्या नावाची पाटी असते, तिचा फोटो काढून ठेवायचा. मुकादम उद्या फोन बंद करून गेला तर दाद मागायला हेच हाताशी राहतं.

दुसरी गोष्ट त्यांना कुणीच सांगत नाही. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी ज्याचं काम चाललंय त्या कंपनीवर येते. वेतन संहिता, २०१९ मध्ये तसं स्पष्ट आहे. दावा करायला ३ वर्षांची मुदत आहे. गावी गेलो म्हणजे पैसे गेले, असं बायका धरून चालतात. तसं नाही.

निशिगंध:
भाऊंशी सहमत. वकिलाची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलंही चालतं. फोन १५१००.
ताई, तुम्ही माहिती जरूर द्या, पण 'एवढ्यावर मिटवून टाक' किंवा 'इथे अंगठा दे' असं काही सांगू नका. तो सल्ला वकिलानेच द्यावा.

अंजली_हिंजवडी:
खूप आभार. एक बाई बोलायला तयार आहे, पण आवाज ओळखून मुकादम कामावरून काढेल, असं तिचा नवरा म्हणतो.

सदाभाऊ:
त्याचं खरं आहे. मग तिचा आवाज अजिबात नको. हिंजवडीतच आयटीवाले बंगाली खूप आहेत, त्यांच्यातल्या कुणाला तरी विनंती करा. मात्र वस्तीत पाठवण्याआधी या बाईला एकटीला ऐकवा. कोलकात्याच्या माणसाचं बोलणं तिला कुठे अडलं ते ती सांगेल, तेवढं पुन्हा बोलून घ्या. ग्रुपवर टाकू नका, मुकादम त्यातही असतो.