चार्टरला सनद म्हणावे की ताम्रपट?

पाटीपेन्सिल: मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या राजाने प्रजेचे हक्क मान्य करून दिलेले चार्टर; त्याची इंग्लंडातल्या सँडविच गावची १३०० सालची प्रत मेडस्टोनच्या कौंटी दप्तरात, व्हिक्टोरियाकालीन चिकटवहीत मिळाली; २०१५ मध्ये ते जाहीर झाले. भाषांतरात 'सनद' लिहिले होते, तपासणाऱ्याने 'ताम्रपट' केले. वस्तू तर चर्मपत्राची. काय ठेवावे?

मोडीवाचक: सनदच. ताम्रपट हे साहित्याचे नाव, दस्ताचे नव्हे. शिवाय राजा पहिल्या एडवर्डच्या या प्रतीत वडिलांची १२२५ ची सनद 'आम्ही पाहिली' म्हणून पुन्हा उतरवली आहे. आपल्याकडे जुनी पत्रे 'मनास आणून', म्हणजे पाहून, नवे पत्र करून देत, तोच प्रकार.

कोरांटी: सनद अरबी. याज्ञवल्क्यस्मृतीत राजाने 'पटे वा ताम्रपट्टे वा', म्हणजे कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर, लिहायचे ते 'शासन'. घरचा शब्द असताना उसना कशाला?

मोडीवाचक: आज 'राजाचे शासन' वाचून लोकांना मंत्रालय आठवेल. आणि 'दप्तर'ही उसनेच, ते चालले तुम्हाला?

गावकूस: सनद गावात का टिकते, तेही शब्दांतच आहे. 'तालीक लिहून घेऊन असल फिरावून देणे': नक्कल कचेरीत, मूळ पत्र धन्याकडे. म्हणून असल वाड्यातल्या पेटीत निघते. घडीच्या रेघेवर मात्र आधी फाटते.

पाटीपेन्सिल: सँडविच प्रतीची मुद्रा गेलेली आहे. 'मोर्तब तुटले' चालेल?

मोडीवाचक: नाही. शिक्का पत्राच्या माथ्यावर, मोर्तब शेवटी. दोन्ही शाईचे ठसे, तुटतील कसे? तिकडे खालची कड दुमडून, चिरा पाडून, दोरी किंवा चर्मपट्टी ओवत आणि तिच्यावर मेण दाबत. मेण वाळून ठिसूळ होते, वजनाने पट्टी तुटते. 'लोंबती मुद्रा' लिहा. लाखेची मात्र नको. मधमाशीचे मेण होते ते.

कोरांटी: ताम्रपटाची मुद्राही कडीवर असते. बहुधा तीन पत्रे, बाहेरच्या दोन बाजू कोऱ्या म्हणजे अक्षर घासत नाही, भोकांतून कडी, सांध्यावर मुद्रा. कडी कापलेली असेल तर पत्रे मूळचीच का, हे तपासावे लागते. बाकी यातला 'पट' म्हणजे कापड नव्हे, पट्ट.

गावकूस: मग चित्रपटातला?

कोरांटी: तो कापडाचाच. स्मृतीत दोन्ही शेजारी आहेत, वर पाहा.

गावकूस: आणि सातबाऱ्यावरचा पट्टा?