पद्मिनीचं पार्सल आणि कस्टमचे चार हजार

सेक्रेटरी ए-१०२: ओंकार बी-५०४, गेटवर कुरियरवाला आलाय. ४,२४५ रुपये कस्टम ड्युटी मागतोय, त्याशिवाय पार्सल देत नाही. वॉचमनने मला फोन केला. हल्ली फसवणूक फार होते म्हणून आधी विचारतो, खरं आहे का हे?

ओंकार बी-५०४: हो काका, खरं आहे. काल कुरियरच्या साइटवर बिल पाहिलंय, नंबर जुळतो. खाली येतोच. पण तुम्ही अडवलंत ते चांगलं केलंत. कस्टमच्या नावाने लिंक पाठवून पैसे काढणारे मेसेज सगळ्यांनाच येतायत. काही मागवलंच नसेल तर लिंक उघडू नका. मागवलं असेल तर कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन नंबर टाका.

प्रज्ञा बी-३०२: एवढं काय मागवलंस रे?

ओंकार बी-५०४: शिंदे काकांची टॅक्सी आली, ताई.

ओंकार बी-५०४: [फोटो]

प्रज्ञा बी-३०२: अगं बाई, काळी-पिवळी! केवढीशी आहे!

ओंकार बी-५०४: नऊ सेंटीमीटर. १:४३ चं माप, म्हणजे खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा भाग. युरोपात पेपरच्या स्टॉलवर मासिकासोबत मॉडेलच्या मालिका निघतात. त्यातली एक जगभरच्या टॅक्सींची होती, त्यात मुंबईची प्रीमियर पद्मिनी गाडी होती. ती मालिका आता बंद झाली. स्पेनमधल्या एका माणसाकडे सापडली.

अमोल सी-२०१: किती पडली शेवटी?

ओंकार बी-५०४: गाडी २८ युरो, पोस्टेज २२ युरो. युरो शंभराच्या आसपास धरला तर पाच हजार. वर हे ४,२४५. म्हणजे ९,२४५.

अमोल सी-२०१: २,८०० च्या खेळण्याला नऊ हजार? हे पटत नाही बुवा.

ओंकार बी-५०४: अमोलदादा, नीट सांगतो, कारण पहिल्यांदा मागवणारा प्रत्येक जण इथेच अडकतो. ड्युटी फक्त गाडीच्या किमतीवर लागत नाही. गाडी, भाडं आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागते. त्यामुळे पोस्टेज महाग असलं की दोनदा भुर्दंड. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. माझ्या पाच हजारांवर ३,५०० ते, मग त्या सगळ्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, शिवाय कुरियरचं स्वतःचं हाताळणीचं बिल. खेळण्यांच्या शीर्षकाखाली धरलं तर हा हिशोब. मी मागवण्याआधीच काकांना 'नऊ हजार धरून चाला' असं सांगितलं होतं. ते हो म्हणाले तेव्हाच ऑर्डर केली.

अमोल सी-२०१: मग विक्रेत्याला 'गिफ्ट' लिहायला सांगायचं ना. माझा मेहुणा दुबईहून तसंच मागवायचा.

ओंकार बी-५०४: ते आता चालत नाही. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून टाकली. राखी आणि जीवनरक्षक औषधं तेवढी राहिली. आणि खरं सांगू का, चालत असतं तरी मी सांगितलं नसतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत हे झालंय. एका विक्रेत्याने मला न विचारता 'गिफ्ट, १० युरो' लिहिलं. आत ७० युरोची १:१८ ची गाडी होती. पार्सल साडेपाच आठवडे अडकलं, किमतीचा पुरावा द्या म्हणून पत्र आलं. सुटून आलं तेव्हा एक आरसा आणि मागचा बंपर तुटलेला. भरपाई मागितली तर पोस्ट म्हणते, कागदावर १० युरो लिहिलेत, त्याहून जास्त मिळणार नाही. आणि मी कोणत्या तोंडाने भांडणार? कागद खोटाच होता. तेव्हापासून पैसे भरण्याआधी विक्रेत्याला एक ओळ लिहितो: पावतीवरची खरी किंमत लिही आणि पावतीची प्रत खोक्याबाहेर चिकटव. नाही म्हणाला तर त्याच्याकडून घेत नाही.

सेक्रेटरी ए-१०२: 👍 हे योग्य.

प्रज्ञा बी-३०२: ओंकार, तुला हेच विचारणार होते. वेद आठवडाभर मागे लागलाय. जपानच्या साइटवर त्याला ती स्कायलाइन दिसलीय, निसानची. ३,३०० येन, म्हणजे दोन हजारांच्या आत. वाढदिवसाला देऊ का?

ओंकार बी-५०४: टोमिका या जपानी ब्रँडची 'लिमिटेड विंटेज' असणार. ती मालिका टोमीटेकने २००४ मध्ये काढली. १:६४ मध्ये इतकं नाजूक काम फार कमी जण करतात. वेदची नजर चांगली आहे. पण ताई, एकच गाडी जपानहून मागवू नका. तिथले पुष्कळ विक्रेते परदेशी पाठवतच नाहीत. मध्ये एक एजंट सेवा लागते. ती आधी स्वतःच्या गोदामात माल घेते, मग तुम्हाला पाठवते. म्हणजे जपानातलं पोस्टेज, सेवेचं शुल्क, परदेशी पोस्टेज आणि शेवटी आपली ड्युटी. दोन हजारांची गाडी पाच हजारांना पडेल. आम्ही चौघे-पाच जण मिळून मागवतो. गोदामात महिनाभर गोळा करतो, एकाच खोक्यात बांधून घेतो. कुरियर वजनासोबत आकारमानही धरतं, म्हणून आत हवा भरलेलं मोठं खोकं नको असंही लिहून कळवतो. पुढच्या खेपेत वेदची घालतो.

ओंकार बी-५०४: आणि वाढदिवसाला हातात काही हवं असेल तर मिनी जीटीच्या गाड्या भारतातल्या दुकानांतच मिळतात. तेच माप, कामही सुंदर. परतही करता येते.

प्रज्ञा बी-३०२: त्याच्या खोक्यावर १४ वर्षांवरील असं लिहिलंय. वेद तेरा पूर्ण करतोय.

ओंकार बी-५०४: ते गंभीरपणे घ्या ताई. ही मॉडेलं खेळण्यासाठी केलेलीच नसतात. आरसे, वायपर, अँटेना सुईसारखे असतात. चौदाच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. वेद जपून ठेवेल, पण घरात रेवा दोन वर्षांची आहे, तिच्या हाताला लागणार नाही अशा कपाटात हवी.

बापट आजी ए-४०१: ओंकार, आमच्याकडे माळ्यावर ह्यांच्या लहानपणीची एक पत्र्याची मोटार आहे. खाली 'निकी' असं काहीतरी लिहिलंय. रंग उडालाय. रंगवून देऊ का वेदला?

ओंकार बी-५०४: आजी, नको!! रंगवू नका. हात जोडून सांगतो.

ओंकार बी-५०४: पत्रा नाही तो, जस्ताचा मिश्रधातू आहे, साच्यात दाबून ओतलेला. यालाच डायकास्ट म्हणतात. लिव्हरपूलला डिंकी टॉईज म्हणून कंपनी होती, १९३४ पासून त्या नावाने गाड्या करायची. तिचे जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यांवर 'निकी' नावाने गाड्या निघाल्या. डिंकीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ ला बंद पडला. आता इंग्लंडमधले लोक निकीच्या गाड्या शोधत असतात. मूळ रंग, उडालेला का असेना, तोच त्यांना हवा असतो. फक्त कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका. खोकं असेल तर तेही टाकू नका.

बापट आजी ए-४०१: खोकं बहुतेक पावसात गेलं रे. पण मोटार आहे. ह्यांना वाटायचं मी टाकून दिली.

अमोल सी-२०१: ओंकार, प्रश्न राहिलाच. सेकंडहँड, परदेशातून, न बघता. फसत नाहीस?

ओंकार बी-५०४: फोटो मागतो. विक्रेत्याने लावलेले नाही, मला हवे ते. गाडी उलटी करून तळाचा एक, दोन्ही आरशांचा एक, टायर जिथे टेकतात त्या जागेचा एक. प्लास्टिकच्या स्टँडवर वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बघितलीत तर टायरमधलं रसायन प्लास्टिक वितळवतं, टायर चिकटून बसतो. फार जुन्या गाड्यांत भेगा बघायच्या. जस्तात शिसं मिसळलेलं राहिलं असेल तर धातू आतून फुगतो आणि हाताने चुरा होतो. त्यावर इलाज नाही. जपानी विक्रेता एकेक ओरखडा लिहितो, तिथे फक्त 'जंक' शब्द दिसला की परत करायची सोय नाही असं समजायचं. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याची गाडी कितीही स्वस्त असो, सोडून देतो.

शिंदे काका सी-००३: सर्वांना नमस्कार. मला एवढं टाइप करायला वेळ लागतो, सावकाश वाचा. अमोल, तुझं म्हणणं चूक नाही. नऊ हजार ही रक्कम लहान नव्हे. मी चोवीस वर्षं पद्मिनी चालवली. पहिली दुसऱ्याची, मग १९८९ ची स्वतःची. कर्ज काढून घेतलेली. त्या गाडीने दोन मुलींची लग्नं केली आणि ह्या सोसायटीतली खोली घेतली. टॅक्सीला वीस वर्षांची अट आली तेव्हा ती भंगारात गेली. तोडताना मी उभा राहिलो नाही. फोटोसुद्धा नव्हता चांगला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओला २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली होती, २०२३ च्या ऑक्टोबरात तिचीही मुदत संपली. त्या दिवशी टीव्हीवर बघितलं आणि ओंकारला म्हणालो, कुठे छोटी मिळते का बघ. त्याने दीड वर्ष शोधली.

सेक्रेटरी ए-१०२: काका 🙏

अमोल सी-२०१: काका, माफ करा. मला माहीत नव्हतं.

शिंदे काका सी-००३: माफी कसली. ओंकार, मीटर कुठल्या बाजूला दाखवलाय?

ओंकार बी-५०४: डावीकडे, बाहेर. आणि स्टिअरिंग उजवीकडे आहे, विक्रेत्याकडून आधीच फोटो मागवून बघितलं होतं.

शिंदे काका सी-००३: गिअर?

ओंकार बी-५०४: स्टिअरिंगच्या दांड्यालाच. भिंगातून दिसतोय.

शिंदे काका सी-००३: बरोबर आहे. तशीच होती. तू घेऊन ये, मी दार उघडंच ठेवलंय. बापट वहिनी, तुमची निकी पण संध्याकाळी खाली आणा. वेदला पाठव प्रज्ञा, हात धुऊन ये म्हणावं, मग हातात देतो.