मदत हवी आहे : स्मार्टबोर्डवर मुलं खूश, पेपरात मात्र कोरी

प्रकाशवर्ष
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. या सत्रापासून वर्गात स्मार्टबोर्ड आलाय आणि तेव्हापासून मी सगळं त्यावरच शिकवतेय. आधी व्हिडिओ, मग ॲनिमेशन, शेवटी क्विझ. तासाला मुलं एकदम जागी असतात, क्विझला तर नुसता गोंगाट. पण चाचणीत तेच प्रश्न जरा फिरवून विचारले की अर्धा वर्ग गार. खडूने शिकवत होते तेव्हा याहून बरे मार्क पडायचे. याहून चांगलं सॉफ्टवेअर कुठलं आहे का? सोमवारच्या आत सांगा प्लीज.

वायरमन
बोर्ड प्रोजेक्टरवाला की पॅनेल? प्रोजेक्टरवाला असेल तर आधी कॅलिब्रेशन करून घ्या. पेन टेकवलं एकीकडे आणि रेघ उमटली भलतीकडे, असं झालं की मुलांचं लक्ष उडणारच.

खडूफळा
विषय? इयत्ता? मुलं किती? त्यांच्या हातात टॅब वगैरे आहेत की बोर्ड एकटाच? औषध मागताय आणि दुखतंय कुठे तेच सांगत नाही.

प्रकाशवर्ष
पॅनेल आहे, पेन उत्तम चालतं, तो प्रश्नच नाही! विज्ञान हो, दुसरं काय. आठवी, ४१ मुलं, टॅब नाहीत. सध्या विद्युत परिपथ चालू आहे.

जुनेजाणते
हे होणारच होतं. शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील, सगळं चित्रपटांतून शिकवता येईल, असं खुद्द एडिसन १९१३ मध्ये म्हणाला होता. मग रेडिओ आला, टीव्ही आला, संगणक आला. दर वेळी तीच वरात. बोर्ड झाकून ठेवा आणि खडू हातात घ्या.

मधलीसुट्टी
जुनेजाणते, खडू-फळा हेही एके काळचं तंत्रज्ञानच. उगाच त्याला सोवळ्यात बसवू नका. शिक्षणतंत्रज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं की माध्यम हे नुसतं वाहन. किराणा आणणाऱ्या गाडीमुळे आपलं पोषण बदलत नाही. शिकणं घडतं ते शिकवण्याच्या पद्धतीमुळे. त्यामुळे सॉफ्टवेअर बदलूनही काही होणार नाही आणि बोर्ड झाकूनही.

अर्धविराम
क्लार्क यांचं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. प्रत्येक माध्यमाची काही खास ताकद असते, असं रॉबर्ट कोझ्मा या अभ्यासकाने १९९१ मध्ये उलट मांडलं आणि तो वाद पुढे बरीच वर्षं चालला. तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन खडूने काढून दाखवा बरं.

मधलीसुट्टी
दाखवले, पुढे काय? बघून समजत असतं तर हा धागाच निघाला नसता.

निळाप्रकाश
मुलांच्या डोळ्यांचा विचार केलाय का कुणी? दिवसभर स्क्रीन. आमच्याकडे धाकट्याला चष्मा लागला.

खडूफळा
निळाप्रकाश, वेगळा धागा काढा ना. प्रकाशवर्ष, दोन गोष्टी सांगा. क्विझला उत्तर कोण देतं? आणि चाचणीत नेमका कुठला प्रश्न चुकला?

प्रकाशवर्ष
जो आधी हात वर करेल तो येऊन बोर्डवर टच करतो. बाकीचे ओरडून सांगतात. प्रश्न साधा होता : दोन सारखे बल्ब एकसर (एकाच तारेत, एकापुढे एक) जोडलेत, कुठला जास्त उजळेल? निम्म्यांनी लिहिलं, सेलजवळचा. ॲनिमेशनमध्ये दोन्ही सारखेच उजळताना दाखवले होते मी!!

खडूफळा
म्हणजे उत्तरं पाच-सहा मुलं देतात आणि बाकीची पस्तीस प्रेक्षक. तेही व्हिडिओ संपल्या संपल्या, सगळं डोळ्यांपुढे ताजं असताना. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. तुमची क्विझ आहे पाच मिनिटांवाली.

दुसरं, 'पहिला बल्ब करंट खातो' हा समज मुलं घरूनच घेऊन येतात. तो उघडा पडल्याशिवाय ॲनिमेशन त्याच्यावरून नुसतं वाहून जातं. क्रम उलटा करा. आधी प्रश्न, प्रत्येकाने अंदाज आणि त्याचं कारण वहीत लिहायचं, मग बोर्डवर परिपथ चालू करायचा. फेट (PhET) या संकेतस्थळावरचं सर्किटचं सिम्युलेशन फुकट आहे, त्यात ॲमीटर (करंट मोजणारं उपकरण) कुठेही लावता येतो.

अर्धविराम
याला जोड म्हणून हार्वर्डचे एरिक माझुर यांची पद्धत बघा, १९९१ पासूनची. एकच प्रश्न, आधी सगळ्यांचं गुपचूप मत. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत. क्लिकर (मत नोंदवायचे रिमोट) नसले तर अ-ब-क-ड लिहिलेली कार्डं पुरतात.

वायरमन
'पहिला' बल्ब म्हणजे कुठला? इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून निघतात, करंटची दिशा धन टोकाकडून धरतात. आधी ते ठरवा. आणि हो, फर्मवेअर अपडेट केलंय का?

खडूफळा
वायरमन, नकळत कामाचं बोललात. प्रकाशवर्ष, अंदाज लिहून झाले की सेल उलटा करा आणि विचारा, आता पहिला कुठला?

जुनेजाणते
म्हणजे शेवटी वही, कार्ड आणि सेल. बोर्ड कशाला लागला मग?

अर्धविराम
तारेला चार ठिकाणी ॲमीटर लावून चारही आकडे ४१ जणांना एकाच वेळी दाखवायला.

प्रकाशवर्ष
सोमवारी केलं. व्हिडिओ दाखवलाच नाही, हात शिवशिवत होते तरी. २६ जणांनी 'सेलजवळचा' लिहिलं. चर्चेनंतर २९ झाले! वाढले!

खडूफळा
दुसरं मत हात वर करून घेतलंत?

प्रकाशवर्ष
हो, कार्डं बनवायला वेळच नव्हता.

खडूफळा
मग मोठ्या आवाजाच्या पोराकडे बघून बाकीचे गेले. पुढच्या वेळी कार्ड छातीशी धरायचं, खूण केली की सगळ्यांनी एकदम दाखवायचं.

प्रकाशवर्ष
बरं. पण सेल उलटा केला तेव्हा वर्ग चिडीचूप. मग ॲमीटर. आकडा सगळीकडे तोच आला आणि मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "काहीच खर्च होत नाही, तर मग सेल संपतो कसा?" घंटा झाली म्हणून वाचले. उद्या काय सांगू तिला?

मधलीसुट्टी
धारा म्हणजे करंट तेवढाच राहतो, ऊर्जा मात्र बल्बमध्ये उष्णता आणि प्रकाश होऊन निघून जाते. सेलमधली रसायनं संपत आली की सेल संपला. पण तिला सांगू नका. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत बोर्डवर लिहा, सगळ्यांना दोन मिनिटं वहीत खरडू द्या, तोवर तुम्ही गप्प राहा.

प्रकाशवर्ष
दोन मिनिटं गप्प?

वायरमन
पॅनेलला टायमर असतो, मेनूमध्ये बघा.