७२२ पंप, लिब्रे आणि अँड्रॉइडएपीएस: मे महिन्याआधी लूप जुळवायचा आहे (नागपूर)

ऑरेंजसिटी_टी१ यांचा प्रश्न

टाइप १ मधुमेह, वय १४, दिवसाचं एकूण इन्सुलिन ४० युनिटच्या आसपास. हाताशी आहे ते असं: मेडट्रॉनिक पॅराडाइम ७२२ इन्सुलिन पंप (मागच्या लेबलवर एमएमटी-७२२डब्ल्यूडब्ल्यूएस), पहिल्या पिढीचा लिब्रे (दंडावरचा शुगर सेन्सर), त्यावर मियाओमियाओ (सेन्सरचे आकडे फोनला पाठवणारं यंत्र), फोनवर एक्सड्रिप (ते आकडे दाखवणारं अ‍ॅप). अँड्रॉइडएपीएस (सेन्सर पाहून पंपाचं इन्सुलिन आपोआप कमीजास्त करणारं अ‍ॅप; यालाच लूप म्हणतात) लॅपटॉपवर बिल्ड करून फोनमध्ये टाकलंय, सध्या व्हर्च्युअल पंपावर सराव चालू आहे. रायलीलिंक (फोन आणि पंप यांच्यातला रेडिओ दुवा) अजून घ्यायचं आहे.

विचारायचं ते हे. रायलीलिंक ९१६ चं घ्यायचं की ८६८ चं? सुरुवातीचे आकडे काय धरायचे आणि लूप 'क्लोज' कधी करायचा, म्हणजे डोस अ‍ॅपवर कधी सोपवायचा? रात्री पंपाचा संपर्क तुटला तर काय होतं? आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की यातलं आधी काय दगा देतं? डॉक्टर तयार आहेत, पण त्यांना कागदावर काहीतरी अभ्यास दाखवायचा आहे.

बेसल_आधी

डब्ल्यूडब्ल्यू म्हणजे वर्ल्डवाइड, म्हणून ८६८ मेगाहर्ट्झ. लेबलवर एनए असतं तर ९१६. दुसरी अँटेना असलेलं घेतलंत तर पंप दिसतो, अधूनमधून उत्तरही देतो, आणि माणूस आठवडाभर सेटिंग्ज उचकत बसतो. ७२२ ला फर्मवेअरची (पंपातल्या सॉफ्टवेअरची) अट नाही. ती ७२३ ला (२.४ए किंवा त्याखालची) आणि ७५४ ला (युरोपी पंपात २.६ए पर्यंत) आहे. ६४०जी किंवा ७८०जी हा नवा पंप कोणी देऊ केला तर यासाठी घेऊ नका, ते या मार्गाने बोलत नाहीत.

पंपावर आधी एवढं करा: युटिलिटीजमध्ये रिमोट ऑप्शन्स चालू करून कुठलाही सहा आकडी आयडी टाका, टेंप बेसलचा (बेसल म्हणजे दिवसभर थेंबथेंब जाणारं इन्सुलिन, टेंप म्हणजे त्यात तात्पुरता बदल) प्रकार टक्क्यांत नव्हे, युनिट प्रति तास ठेवा, बेसल पॅटर्न स्टँडर्ड. अ‍ॅपमध्ये बॅटरीचा प्रकार, लिथियम की अल्कलाइन, नीट निवडा. चुकीचा निवडला तर व्होल्टेजवरून काढलेला टक्का खोटा निघतो आणि पहाटे तीनला पंप मरतो.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. आपल्याकडे ह्यूमन इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक ४० आययू/मिलीच्या असतात. पंपाला १०० आययू/मिलीचं रॅपिड अ‍ॅनालॉगच (लवकर काम करणारं इन्सुलिन) लागतं. ४० ची कुपी रिझर्व्हॉयरमध्ये (पंपातल्या इन्सुलिनच्या नळकांड्यात) गेली तर पंप '१ युनिट' म्हणतो आणि अंगात ०.४ जातं. शुगर चढते, लूप बेसल वाढवत नेतो, तुम्हीही वैतागून आयएसएफ (१ युनिटने शुगर किती उतरते तो आकडा) कमी करता. पुढच्या खेपेला खरी १०० ची कुपी भरली की त्याच सेटिंगवर अडीचपट डोस. कुपी फ्रिजमधून काढताना दर वेळी लेबल वाचा, ओळखीची दिसली तरी.

तर्रीवाला

आकडे. हे फक्त सुरुवातीचे, डॉक्टरांसमोर ठेवूनच वापरायचे. आयएसएफ १८०० भागिले ४०, म्हणजे ४५ मिग्रॅ/डेसीलिटर. कार्ब रेशो ५०० भागिले ४०, म्हणजे १ युनिटला साडेबारा ग्रॅम कार्ब (कर्बोदकं). बेसल एकूण इन्सुलिनच्या ४० ते ५० टक्के, म्हणजे तासाला ०.७ ते ०.८, पहाटे थोडं जास्त; या वयात पहाटेची चढण हमखास असते.

डीआयए (इन्सुलिन अंगात किती वेळ काम करतं) किमान ५ तास. पंपाच्या बोलस विझार्डमध्ये (बोलस म्हणजे जेवणाचा एकरकमी डोस) लोक ३ ठेवतात, तेच इथेही लिहितात, आणि मग 'लूप रात्री दोनला पाडतो' अशी तक्रार करतात. शेपटीचं इन्सुलिन हिशेबात नसतं, म्हणून अ‍ॅप वर आणखी देत राहतं. साध्या रॅपिड इन्सुलिनचा पीक (जोर सगळ्यात जास्त असण्याची वेळ) अ‍ॅपमध्ये ७५ मिनिटांचा आहे, फियास्प या आणखी झटपट इन्सुलिनचा ५५.

बेसल आधी तपासा: जेवण टाळून ४-५ तास, त्या वेळात शुगर ३० च्या वर हलता कामा नये. एका रात्रीत होत नाही, दिवसाचे तुकडे पाडून करावं लागतं. हे न करता लूप क्लोज करणं म्हणजे पायवा तपासल्याबिगर माळा चढवणं, बाप्पा.

टप्पे अ‍ॅपच लावून देतं. ओपन लूपमध्ये ७ दिवस, त्यात २० सूचना हाताने मंजूर करायच्या. मग लो ग्लुकोज सस्पेंडचा टप्पा: मॅक्स आयओबी (आयओबी म्हणजे अंगात अजून शिल्लक असलेलं इन्सुलिन; मॅक्स ही त्याची लूपला घातलेली मर्यादा) शून्य, लूप बेसल कमी करू शकतो, वाढवतो ते फक्त आधी कमी केलेलं भरून काढायला. तिथे ५ दिवस. त्यानंतरच मॅक्स आयओबी हळूहळू वर. एसएमबीपर्यंत (अ‍ॅपने आपणहून दिलेले छोटे बोलस) पोचलात की मॅक्स आयओबीचं सर्वसाधारण सूत्र असं: सरासरी जेवणाचा बोलस अधिक सगळ्यात मोठ्या बेसलच्या तिप्पट. तुमचा बोलस ६ आणि बेसल ०.९ धरला तर ८.७. पहिल्या दिवशी तिथे उडी मारू नका. पहिल्या पिढीच्या लिब्रेवर 'एसएमबी नेहमी' हा पर्याय मी सुचवणार नाही; त्या सेन्सरचे आकडे नाचतात आणि खोट्या उडीला लूप खरं इन्सुलिन देतो. स्मूदिंग (आकड्यांची नाचानाच सपाट करणं) एकाच ठिकाणी ठेवा, एक्सड्रिपमध्ये किंवा अँड्रॉइडएपीएसमध्ये. दोन्हीकडे ठेवलं तर चढण उशिरा कळते.

रामदासपेठ_आरडी

डॉक्टरांसाठी: क्रिएट चाचणी, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, २०२२. न्यूझीलंडमध्ये ९७ जण, वय ७ ते ७०, २४ आठवडे. लूपवाल्या गटात शुगर ७० ते १८० मध्ये असण्याचा वेळ ६१.२ वरून ७१.२ टक्क्यांवर गेला, दुसऱ्या गटात ५७.७ वरून ५४.५ वर घसरला. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा: अल्गोरिदम हाच असला तरी तिथे पंप डाना-आय होता आणि सेन्सर डेक्सकॉम जी६. जुना ७२२ आणि लिब्रे या जोडीची ती परीक्षा नव्हती. दुसरी बाजूही दाखवा: २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) जुन्या पॅराडाइम पंपांच्या रेडिओ सुरक्षेबद्दल इशारा दिला होता. ज्या उघड्या दारातून आपण आत शिरतो, त्याच दाराबद्दल तो होता.

तयार प्रणाली परवडत असेल तर ७८०जी काहून नको, हाही प्रश्न स्वतःला विचारा. तिथे लक्ष्य १००, ११० किंवा १२० एवढंच निवडता येतं, पण पंप, सेन्सर आणि जबाबदारी एकाच कंपनीची असते.

पोह्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण नागपुरात लूप सगळ्यात जास्त तिथेच फसतो. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यात साधारण ३८ ग्रॅम कार्ब, ते झपाट्याने चढतात. तर्रीतले हरभरे आणि तेल मागाहून दोन-तीन तास ओढतात. पोह्यांचा बोलस खाण्याच्या १५ मिनिटं आधी; हरभऱ्याचे १०-१५ ग्रॅम ई-कार्ब (उशिरा पचणाऱ्या कार्बची अ‍ॅपमधली नोंद) म्हणून ३ तासांवर पसरवा (एसएमबी चालू झाल्यावरच याचा उपयोग). सगळ्याचा बोलस एकदम दिला तर शुगर आधी खाली, मग वर. ठेल्यावरची प्लेट एकदा घरी आणून काट्यावर ठेवा, पुढे अंदाज बसतो.

खसताटी

रात्रीचा संपर्क. लूपने दिलेला टेंप बेसल मोजका असतो, बहुतेकदा ३० मिनिटांचा. संपर्क तुटला की तो संपतो आणि पंप स्वतःच्या ठरलेल्या बेसलवर परततो. सेन्सरचा आकडा १२ मिनिटांहून जुना झाला तर अल्गोरिदम चढा टेंप रद्द करतो. म्हणून पंपातला मूळ बेसल असा हवा की त्यावर एकट्यावर रात्र निभावेल. संपर्क तुटतो तो बहुधा अंगामुळे: पंप डाव्या कुशीखाली, रायलीलिंक उजवीकडे, मधे पाण्याने भरलेलं शरीर. लिंक पंपाच्याच बाजूला, हातभर अंतरात. सेन्सरच्या दंडावर झोपलं तर खोटी लो (शुगर उतरल्याचा आकडा) दिसते, लूप बेसल थांबवतो आणि तासाभराने शुगर खरंच चढलेली असते.

फोन: अँड्रॉइडएपीएस आणि एक्सड्रिप दोन्हींना बॅटरीची मर्यादा काढा, ऑटोस्टार्ट द्या, रिसेंट्समध्ये कुलूप लावा, लोकेशन चालू ठेवा. शाओमी, रियलमी, व्हिवो यांच्यात सिस्टिम अपडेटनंतर हे पुन्हा तपासावं लागतं. बिल्डची की-स्टोअर फाइल (अ‍ॅपवर आपली डिजिटल सही करणारी) आणि एक्सपोर्ट केलेल्या सेटिंग्ज फोनबाहेर जपा. की हरवली तर पुढचं व्हर्जन जुन्यावर बसत नाही.

आता मे. सगळ्यात आधी दगा देतं ते इन्सुलिन. पंपातल्या रॅपिड इन्सुलिनला ३७ अंशांपुढे भरवसा नाही. म्हणून रिझर्व्हॉयर भरगच्च भरू नका: दोन दिवसांचे ८० युनिट, नळी भरायला आणि शिल्लक २०, म्हणजे १ मिली. ४८ तासांनी रिझर्व्हॉयर आणि सेट (नळी आणि तिच्या टोकाचा कातडीखालचा बारीक कॅन्युला) दोन्ही बदला. पंप कपड्याच्या आत, नळीचा फास उन्हात लोंबकळू देऊ नका. गाडीच्या डिक्कीत पंप, फोन, कुपी यातलं काहीच नको. पाण्याने भिजवायची थंड पिशवी आपल्या कोरड्या उन्हात छान चालते, पावसाळ्यात नाही. पण ती कुपीसाठी, पंपासाठी नव्हे. ७२२ च्या बटणांत घाम शिरला की 'बटन एरर' येतो. लिब्रे ४५ अंशांपर्यंतच चालतो. चिकटपट्टी सुटू नये म्हणून सेन्सर लावायच्या आधी दंड स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, ओल्या कातडीवर कुठलीच पट्टी टिकत नाही.

आणि वाकलेला कॅन्युला. लूपला वाटतं इन्सुलिन गेलं, आयओबी वाढत राहतो, शुगर मात्र २५० च्या वर दोन तास हलत नाही. तिथे अ‍ॅपवर विसंबू नका. कीटोन (इन्सुलिन अपुरं पडलं की रक्तात साठणारी आम्लं) तपासा, पेनने डोस द्या, सेट बदला. पेनचा डोस अ‍ॅपमध्ये 'फक्त नोंद' करून टाका. न पोचलेलं इन्सुलिन तरीही अ‍ॅपच्या हिशेबात राहतंच, त्यामुळे तो आयओबी ओसरेपर्यंत काही तास लूप थांबवून हाताने चालवा. रक्तातले कीटोन १.५ च्या वर असतील तर डॉक्टरांना फोन, ३ च्या वर किंवा उलट्या असतील तर थेट दवाखाना.

ऑरेंजसिटी_टी१

८६८ चं मागवतो, डीआयए ५ केलं. दोन शंका. लो आली तर नेहमीसारखं १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं का? आणि फ्रिजमध्ये ४० ची रेग्युलरची कुपी अडीअडचणीसाठी ठेवलेली आहे, ती काढून टाकू?

बेसल_आधी

लूपने बेसल आधीच थांबवलेलं असतं, म्हणून हलक्या लोला बहुधा ५ ते ८ ग्रॅम पुरतात. १५ मिनिटांनी बोटातून तपासा, सेन्सर मागे असतो. ५४ च्या खाली असेल तर हा हिशेब सोडा आणि पूर्ण १५ द्या.

कुपी टाकू नका, वेगळी करा. ४० ची कुपी आणि लाल टोपीच्या (४० च्या) सिरिंजा एका डब्यात, डब्यावर मार्करने ४०. नारंगी टोपीची (१०० ची) एकही त्या डब्यात नको, आणि पंप भरायचं सामान त्या कप्प्यातच ठेवू नका.