मदत हवी आहे : क्लॅरिनेटवरून अल्टो सॅक्सोफोनवर येताना

नमस्कार मंडळी. परभणीच्या एका बँड पार्टीत मी क्लॅरिनेट वाजवतो. यंदाच्या लग्नसराईत मास्तरांनी अल्टो सॅक्सोफोन हाती दिलाय. दोन्हीला एकेरी रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी), पण ओठ काही जुळेनात. क्लॅरिनेटसारखे आवळले की सॅक्सोफोनचा सूर चढतो न् चिरकतो. सैल सोडले तर खालचे सूर भरभरतात.

बोटांचा घोळ वेगळाच. क्लॅरिनेटच्या वरच्या पट्टीतली बोटं सॅक्सोफोनशी बरीच जुळतात, खालची नाहीत. कारण रजिस्टरची चावी दाबली की क्लॅरिनेटचा सूर सप्तकाच्याही पुढं, थेट वरच्या पंचमावर जातो. सॅक्सोफोनचा मात्र बासरीसारखा नेमका सप्तकभर चढतो. शिवाय नोटेशनमध्ये लिहिलेला 'सी' क्लॅरिनेटवर पेटीची काळी पाच ऐकू येतो, अल्टोवर काळी दोन. कॅसिओवाल्याबरोबर ऐन वरातीत पट्टी बदलायची म्हणजे कठीणच.

दोन्ही वाद्यं वाजवणाऱ्यांनी सांगा: रोजचा रियाज दोन्हींचा करावा की काही दिवस क्लॅरिनेट बाजूलाच ठेवावं? सॅक्सोफोनला सुरुवातीला किती नंबरची रीड लावावी? क्लॅरिनेट मला सोडायचं नाहीये, भैरवी त्यावरच वाजवावी वाटते. नांदेड-परभणीकडं कुणी शिकवणारं असेल तर तेही कळवा.