पट १५० च्या आत आलेली गावची मलय शाळा: राहू द्यावी की मोठ्या शाळेत मिसळावी?

तेमर्लोहची सून

मी माहेरची साताऱ्याची. लग्न होऊन मलेशियात आले त्याला आता १२ वर्षं झाली. पहांग राज्यात तेमर्लोहच्या पुढे पाम तेलाच्या बागांमध्ये आमची वस्ती आहे. नवरा इथलाच, तमिळ घरातला. मुलगा गावच्या सरकारी मलय शाळेत चौथीत शिकतो.

गेल्या आठवड्यात पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एका पालकाने विषय काढला. पट ६४ वर आलाय, तेव्हा आपणच अर्ज करू आणि शाळा १४ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत मिसळून घेऊ. निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, पण जीव तळमळायला लागला की माझं मलय अडखळतं. तिथे धड बोलता आलं नाही ते इथे लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: इथे सरकारी प्राथमिक शाळा मलय, चिनी आणि तमिळ अशा तीन माध्यमांच्या असतात, पहिली ते सहावी. मलय शाळेला ‘सकोलाह कबांगसाआन’ म्हणतात, म्हणजे राष्ट्रीय शाळा. पट १५० च्या आत गेला की शाळा ‘कमी पटाची’ धरतात. ३० च्याही आत गेला तर दोन इयत्ता एकत्र बसवतात. आमच्यावर ती वेळ आलेली नाही. सहा इयत्तांचे सहा वर्ग आहेत, मुलाच्या वर्गात ११ जण.

सोयींचं म्हणाल तर कँटीन आहे, ग्रंथालय आहे, नमाजाची खोली आहे, मोठं मैदान आहे. एका इमारतीतून दुसरीत जायला पत्र्याखालची वाट आहे, म्हणजे पावसात मुलं भिजत नाहीत. पाठ्यपुस्तकं सरकार वापरायला देतं, वर्षअखेरीस परत करायची. २०२३ पासून घरचं उत्पन्न न बघता प्रत्येक मुलाला शाळा सुरू होताना १५० रिंगिट मिळतात. सोमवारी सकाळी सगळी शाळा मैदानावर उभी राहते, राष्ट्रगीत होतं, मग राज्यगीत, मग उजवा हात वर करून ‘रुकुन नगारा’ची, म्हणजे देशाच्या तत्त्वांची, प्रतिज्ञा.

पण माझा मुद्दा सोयींचा नाही. दुसरीत असताना मुलाला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. मलय रोमन लिपीत लिहितात, त्यातली ‘एनजी’ आणि ‘एनवाय’ ही जोडी दिसली की गप्प. ग्रंथालयात बूट काढून जायचं असतं, म्हणून दाराबाहेर काळ्या बुटांची रांग असते आणि प्रत्येक बुटाच्या आत मार्करने नाव लिहिलेलं असतं. त्याच्या बाईंनी त्याला त्या रांगेपाशी बसवलं. एकेक बूट उचलायचा, आतलं नाव वाचायचं आणि ते मूल आत कुठे बसलंय ते दाखवायचं. रोज दहा मिनिटं. सव्वा महिन्यात मुलगा वाचायला लागला. चारशे मुलांच्या शाळेत कुठल्या बाईंना हे सुचेल, आणि सुचलं तरी वेळ कोण देईल?

क्वालालंपूरकर

ताई, बुटांची गोष्ट वाचून खरंच बरं वाटलं. तरीही मी त्या अर्ज करणाऱ्या पालकाच्या बाजूने आहे.

तुमच्या घरात मराठी, तमिळ, मलय, इंग्रजी सगळं कानावर पडतं. तुमचा मुलगा कुठेही तरेल. उरलेल्या ६३ मुलांचा विचार करा. पहिलीपासून सहावीपर्यंत तीच दहा-अकरा तोंडं बघायची. फुटबॉलचा संघ करायला दोन इयत्ता गोळा कराव्या लागत असतील.

इंग्रजीचं तर गावच्या मुलांचं या देशात फार नुकसान झालंय. २००३ मध्ये गणित आणि विज्ञान एकदम इंग्रजीतून सुरू केलं, गावच्या शाळांना ते पेललं नाही. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने परत मलयमध्ये आणलं. २०१६ पासून द्वैभाषिक कार्यक्रम आहे, पण तो घ्यायचा तर शाळेकडे पुरेसे शिक्षक आणि साधनं हवीत, पालकांची मागणी हवी. ६४ पटाची शाळा त्यात कुठून बसणार? शहरातल्या मुलाला निवड आहे, तुमच्या गावच्या मुलाला नाही.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. मुस्लिम मुलांचा इस्लामचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना नीतिशिक्षण असतं. त्या तासाला तुमच्या मुलाच्या वर्गात किती जण असतात?

अक्कलकुव्याचे गुरुजी

मी मलेशिया पाहिलेला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं काढली आहेत, त्या जोरावर लिहितो.

आमच्याकडे २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं २०२३ मध्ये निघालं. नमुना म्हणून आमच्याच जिल्ह्यातलं तोरणमाळ आणि पुण्याकडचं पानशेत दाखवलं गेलं. तोरणमाळला राहण्याची सोय आहे, ते वेगळं. बाकी ठिकाणी सगळा भरवसा गाडीवर. आमच्या भागात जूनमध्ये ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडेच थांबते. पहिली गळते ती मुलगी, कारण घरी धाकटं भावंड असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा म्हटलंय, ते उगाच नाही. त्यामुळे ताईंना माझा पाठिंबा.

पण ताई, लहान शाळेचं कौतुक करताना शिक्षक मोजा. द्विशिक्षकी शाळा म्हणजे काय हे मी भोगलंय. जोडीदार प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की चार वर्ग माझ्या एकट्याच्या गळ्यात. त्या दिवशी मी शिकवत नाही, पोरं सांभाळतो. ६४ मुलांना तुमच्याकडे किती शिक्षक आहेत, ते आधी सांगा.

बिंटुलूवाला

मी सारवाकमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटावरच्या मलेशियाच्या राज्यात, एलएनजीच्या (द्रवरूप नैसर्गिक वायूच्या) कामावर सहा वर्षं होतो. तुम्ही दोघं डांबरी रस्ता असलेल्या पहांगचं बोलताय. सारवाकच्या आत नदीने जावं लागतं. तिथल्या हजाराहून जास्त शाळा मोडकळीला आलेल्या म्हणून मोजल्या गेल्या होत्या. मी पाहिलेल्या एका शाळेत लाकडी वर्गाची फळी पायाखाली दबायची आणि वीज जनित्रावर, तीही ठरावीक तास. शिक्षक समुद्रापलीकडच्या मलेशियाच्या द्वीपकल्पातून यायचा आणि पहिल्या दिवसापासून बदलीच्या अर्जाची वाट बघायचा.

पैसा सगळीकडे चिमूट-चिमूट टाकला तर एकही शाळा धड होत नाही. त्यापेक्षा एक चांगली निवासी शाळा बांधा, पहिलीपासून नववीपर्यंत. तशा ‘के-नाइन’ शाळा इथे आहेतच. लाँगहाउसमधली, म्हणजे अनेक कुटुंबं एकत्र राहतात त्या लांबलचक घरांतली, मुलं आठवडाभर वसतिगृहात राहतात, तीन वेळचं जेवतात, संध्याकाळी अभ्यासाला दिवा असतो. मी ती मुलं हसताना पाहिली आहेत.

तेमर्लोहची सून

गुरुजी, आमच्याकडे मुख्याध्यापक धरून १२ शिक्षक आहेत. तुमच्यासारखी कुचंबणा नाही. पण तेच शिक्षक ग्रंथालय बघतात, खेळ बघतात, पोषण आहाराच्या याद्या करतात.

क्वालालंपूरकर, राग कसला? नीतिशिक्षणाच्या तासाला माझा मुलगा एकटा असतो. तो, बाई आणि एक बाक. मलाही ते टोचतं. इंग्रजीचं तुमचं म्हणणंही मान्य, आमच्या इंग्रजीच्या सरांची मध्यंतरी बदली झाली तेव्हा चार महिने तो तास दुसऱ्याच शिक्षकाने ओढला. आणि तुम्ही न काढलेलं एक मी काढते. इथे पोषण आहार आपल्या खिचडीसारखा सगळ्यांना नसतो, मुख्यतः गरीब घरच्या मुलांना असतो. मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये यादीतली मुलं एका टेबलावर, पैसे आणलेली खिडकीपाशी. नऊ वर्षांच्या पोराला कळतं कोण कुठल्या बाजूला आहे. ते बदलायला हवं, पण त्यासाठी शाळा बंद कशाला करायची?

बिंटुलूदादा, वसतिगृहाला मलयमध्ये ‘आसरामा’ म्हणतात, आपलाच आश्रम शब्द. २०१५ मध्ये केलांतानच्या गुआ मुसांग भागात निवासी शाळेतली ओरांग आसली आदिवासी मुलं शिक्षेच्या भीतीने जंगलात पळाली. सात मुलं. दीड महिन्याहून जास्त काळ शोध चालला आणि दोघीच जिवंत सापडल्या. सात-आठ वर्षांच्या मुलाला रात्री आई लागते. तुमच्या नदीकाठाला दुसरा इलाज नसेल, पण आमच्या गावात आई दोनशे पावलांवर आहे.

बिंटुलूवाला

ती घटना माहीत आहे आणि तिचं समर्थन कोणीच करणार नाही. पण त्यात दोष वसतिगृह चालवणाऱ्यांचा होता. नीट माणसं नेमली, सुट्टीला घरी जायला होडीची सोय केली, तर तीच पद्धत चालते. आईपाशी राहून पाचवीत अक्षर न ओळखणारी मुलंही मी पाहिली आहेत. त्यांचं दुःख बातमीत येत नाही.

क्वालालंपूरकर

ताई, तुम्ही स्वतःच्या बाजूचं उणंही लिहिलंत, म्हणून मी थोडा मागे येतो. मधला मार्ग सुचवतो. चौथी ते सहावी मोठ्या शाळेत, पहिली ते तिसरी गावात. इमारत गावाला सभागृह म्हणून राहील.

तेमर्लोहची सून

इमारतीचं सांगते. जानेवारी २०२१ मध्ये पहांगला पूर आला तेव्हा आम्ही चार रात्री त्याच शाळेत होतो. एका वर्गात आम्ही आणि आणखी तीन कुटुंबं. बाकं भिंतीला लावलेली, फळ्यावर कुणाकुणाला औषध द्यायचं त्याची यादी. शिपायाला पाण्याची टाकी कुठून उघडते ते ठाऊक होतं, बाईंना कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे ते ठाऊक होतं. रोज मुलं येतात म्हणून तिथली तोटी दुरुस्त असते. सभागृहाची किल्ली कुणाच्या खिशात असेल आणि पाणी चढताना तो माणूस कुठे असेल?

पण चौथीपासूनच्या वर्गांचं तुमचं म्हणणं मी बैठकीत मांडीन, त्यावर बोलणं होऊ शकतं. गुरुजी, तुमच्याकडे गाडी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षाअखेर किती मुली उरल्या, तेवढा आकडा लिहाल का? बैठक येत्या बुधवारी आहे, आणि गाडीची सोय होईल या एकाच गोष्टीवर तिथे निम्मे लोक तयार झालेत.