कोर्टात न भांडता वेगळं होता येतं का?

सप्रेम नमस्कार,

नाव न देता लिहिते आहे, समजून घ्यावं. लग्नाला १४ वर्षं झाली. आम्ही दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आहे. मारहाण नाही, व्यसन नाही, तिसरं कोणी नाही. संसार आतून संपलाय, एवढंच. मुलगा ९ वर्षांचा आहे. भाऊ म्हणतो, आधी तगडा वकील गाठ, नाहीतर तो तुला गुंडाळेल. नवऱ्याला त्याचे मित्रही हेच सांगत असणार. आम्ही अजून एका टेबलाशी बसून बोलू शकतो. ते बोलणं मला कोर्टाच्या पायरीवर गमवायचं नाही. असा मार्ग खरंच असतो का?

– एक सभासद

---

ताई,

असतो. आम्ही त्याच वाटेने गेलो, त्याला आता ४ वर्षं झाली.

दोघांचे दोन वकील, पैशांचा हिशोब बघणारा एक तटस्थ सल्लागार आणि आम्ही, असे पाच जण एका खोलीत बसायचो. पहिल्या बैठकीत मी हटून बसलो होतो की मुलगी आठवड्यातले निम्मे दिवस माझ्याकडेच हवी. बायकोच्या वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "यातला कुठला दिवस सुटला तर तुम्हाला सगळ्यात जास्त लागेल?" तोंडून पटकन निघालं, "बुधवार." बुधवारी मी मुलीला पोहायला नेतो. परतताना गाडीत वीस मिनिटं मिळतात. समोर बसवून विचारलं तर ती एक शब्द बोलत नाही, पण मागच्या सीटवर ओले केस पुसता पुसता शाळेतलं सगळं सांगते. बायकोला हे माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी बोललोच नव्हतो. करारात बुधवार माझा लिहिला गेला आणि बाकीच्या दिवसांचं तासाभरात जमलं. निम्मे दिवस मिळाले नाहीत, आणि आज मला त्याची खंत नाही.

सोपं मात्र समजू नका. दुसऱ्या बैठकीतून मी तडक उठून गेलो होतो. दोन्ही वकिलांनी तीन आठवडे मध्ये जाऊ दिले, मग पुन्हा बसलो. न्यायाधीशापुढे तारीख पडली असती तर त्या दिवशीचा माझा राग कायमचा कागदावर चढला असता.

– तुमच्यासारखाच एक

---

नमस्कार,

मी कौटुंबिक कायद्याची वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वर ज्या पद्धतीचं वर्णन आहे तिला कोलॅबोरेटिव्ह डिव्होर्स म्हणतात. अमेरिकेतल्या मिनेसोटातले वकील स्टुअर्ट वेब यांनी १९९० मध्ये ती सुरू केली. कोर्टातल्या भांडणांना ते विटले होते. तिची खरी ताकद एका अटीत आहे: बोलणी फिसकटून प्रकरण कोर्टात गेलं, तर दोन्ही वकिलांना बाजूला व्हावं लागतं आणि नवरा-बायकोला नवे वकील करून सुरुवातीपासून लढावं लागतं. त्यामुळे भांडण पेटवण्यात वकिलाचा काहीच फायदा उरत नाही. मध्यस्थी, म्हणजे मीडिएशन, वेगळी. तिथे एकच तटस्थ माणूस दोघांना बोलतं करतो, पण तो कुणा एकाला कायद्याचा सल्ला देऊ शकत नाही. म्हणून मध्यस्थीत ठरलेला मसुदा सही करण्याआधी आपल्या स्वतंत्र वकिलाला दाखवायचाच.

भावाची काळजी खोटी नाही, पण तिचं उत्तर तगडा वकील हे नव्हे. तिचं उत्तर आहे उघडे कागद. दोघांनी प्रत्येक खातं, प्रत्येक कर्ज, भारतातली जमीन, मुदत ठेव, आईबरोबरचं संयुक्त खातं, सगळं आधी टेबलावर ठेवायचं. मी पाहिलंय, एखादा माणूस बायकोला ठाऊक नसलेली ठेव स्वतःहून यादीत लिहितो, तेव्हा त्या खोलीतली हवाच बदलते. आणि कोणी कागद द्यायला महिनोनमहिने टाळाटाळ करत असेल, तर ही पद्धत तिथेच थांबवावी.

करार झाला तरी दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, घराचं कर्ज. "हप्ते मी भरेन" हे तुमच्या दोघांत ठरलेलं असतं, बँकेला ते लागू नसतं. नाव निघेपर्यंत हप्ता चुकला तर बँक दोघांनाही धरते. दुसरी, वारस म्हणून दिलेली नावं. विमा आणि निवृत्तीची खाती यांवरची नावं घटस्फोटाने आपोआप बदलतील असं धरून चालू नका, स्वतः बदलून घ्या. अमेरिकेत तर नोकरीतल्या बहुतेक निवृत्ती खात्यांची वाटणी करायला कोर्टाचा वेगळा आदेश लागतो, नुसता घटस्फोटाचा हुकूमनामा पुरत नाही.

लग्न भारतात हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल तर संमतीचं मोल आणखी वाढतं. परदेशी कोर्टाचा हुकूमनामा भारतात कधी मानायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नरसिंह राव खटल्यात स्पष्ट केलं. एकट्याने परदेशात मिळवलेला घटस्फोट भारतात अडकू शकतो. दोघांच्या संमतीने झालेला टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त. भारतातच करायचा असेल तर त्याच कायद्यात परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३-ब आहे: किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, मग अर्ज आणि नंतर सहा महिन्यांची वाट. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. एक लक्षात असू द्या, हुकूमनामा होईपर्यंत तिथे कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून घाईने घेतलेली सही कामाची नाही.

– एक वकील

---

मला एकच सांगायचंय, आणि ते कळकळीने सांगते. ताईंच्या घरी भीती नाही म्हणून हे सगळं ठीक. ज्या घरात नवऱ्याचा आवाज चढला की बाई सही करून मोकळी होते, तिथे "सामोपचाराने घ्या" हा सल्ला कोणीही देऊ नये. मला दिला होता, चांगल्या माणसांनीच दिला होता. समोरासमोर बसून मी सगळ्याला हो म्हणत गेले. नंतर ते निस्तरायला कोर्टातच जावं लागलं, आणि तिथे पहिल्यांदा माझं कोणी पूर्ण ऐकून घेतलं. अशा वेळी कोर्ट हाच आधार असतो.

– एक मैत्रीण

---

अगदी बरोबर. आधी दोघांशी वेगवेगळं बोलून घरात धाक किंवा हिंसा आहे का, हे वकिलाने विचारलंच पाहिजे. तसं असेल आणि त्या बाईला स्वतःला ही वाट नको असेल, तर मी काम हाती घेत नाही.

– वकील

---

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलगा झोपल्यावर ह्यांना हे सगळं वाचायला दिलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून फाईल आणली आणि आम्ही वहीत खाती लिहायला बसलो. दोन पानं झाली. एक कर्ज मला माहीत नव्हतं, ते त्यांनी स्वतः लिहिलं. वाईट वाटलं, पण बरंही वाटलं. वकील दोघांनी वेगवेगळे शोधायचे ठरलंय.

एकच विचारते. मुलाला कधी सांगायचं?

---

ताई, दोघांनी मिळून सांगा, आणि घर बदलायच्या दोन-तीन आठवडे आधी. कोण कुठे राहणार हे ठरल्याशिवाय नको. मुलं कारण नंतर विचारतात, आधी स्वतःच्या दिवसाचं विचारतात: शाळेत कोण सोडणार, सायकल कुठे ठेवायची. त्याची उत्तरं तयार ठेवा. आमच्या मुलीने पहिलं विचारलं, मांजर कुणाकडे? आठ महिन्यांच्या बोलण्यात तेवढंच आम्ही दोघंही विसरलो होतो. त्याच रात्री ठरवलं, मांजर तिच्याबरोबर ये-जा करेल.

– तुमच्यासारखाच एक